बाबांचं एकोणीसशे बावन्न

माझ्या सासऱ्यांना खेळांच्या जगातलं फक्त एक वर्ष माहीत होतं. एकोणीसशे बावन्न. एक्कावन्न माहीत नव्हतं आणि त्रेपन्नशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. २०११ साली भारतानं वर्ल्ड कप जिंकला आणि साताऱ्यात पोरं मोटरसायकली घेऊन पोवई नाक्यावर नाचायला लागली, तेव्हा बाबांनी गॅलरीतून खाली वाकून विचारलं होतं, की वरात कुणाची आहे.

बावन्नचं मात्र काहीही विचारा. फेब्रुवारीत मद्रासला आपण इंग्लंडला एक डाव आणि आठ धावांनी हरवलं, आपला पहिला कसोटी विजय. जूनमध्ये लीड्सला त्याच इंग्लंडसमोर आपले शून्यावर चार गडी बाद. ते चौघं कोण, हे बाबा इतक्या आनंदानं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं हे इंग्लंडचेच. मुंबईला टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली आणि एक जपानी गडी स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि सगळ्यांना झोपवून गेला. हेलसिंकीला खाशाबांचं ब्राँझ. झाटोपेकची तीन सुवर्णं, आणि त्याच्या बायकोचं भालाफेकीतलं चौथं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ह्यांना माझा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण त्या परक्या बाईनं भाला किती लांब फेकला ते झोपेतही सांगतील.

ह्या वेडाचं कारण अगदी साधं होतं. पद्माकर आगटे नऊ वर्षांचे असताना, त्या जानेवारीत, शाळेच्या पत्र्यावर अडकलेला पतंग काढायला चढले आणि पत्र्यासकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं, ते वाकडं जुळलं, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा मोडलं आणि पुन्हा घातलं. दिवाळीपर्यंत पोरगं खाटेवर. त्यांचे काका वाचनालयात कारकून होते. शिळे झालेले पेपर ते रोज घरी आणत. राजकारण कळत नव्हतं, जाहिराती दोनदा वाचून झाल्या होत्या, उरला खेळ. पोरानं तो पाठ केला. दिवाळीत उभं राहिलं तर डावा पाय दीड इंच आखूड. त्या दिवसापासून बाबांनी पेपरातलं खेळाचं पान उघडलं नाही. पुढे भूमी अभिलेख खात्यात लागले, छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनींचे नकाशे काढले, आणि चहाच्या वेळी सगळ्या कचेरीला हेलसिंकी ऐकवलं.

सासूबाई गेल्यानंतर, २०१३ मध्ये, आम्ही त्यांना सिंगापूरला आणलं. आम्ही म्हणजे मी अनघा, माझा नवरा श्रीनिवास आणि मुलगी जाई. यिशुनला नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत, श्रीनिवास आयटीत, जाई शाळेत. बाबांना दिवसभर ऐकायला कोणी नसे, त्यामुळे संध्याकाळी आम्ही बूट काढेपर्यंत मद्रास कसोटीचा दुसरा दिवस सुरू झालेला असे. जाईनं पहिल्या महिन्यातच शोध लावला, की आजोबांना मध्येच थांबवलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यामुळे आम्ही थांबवत नसू. हळूहळू एकेक जण आंघोळीला जात असू.

२०१४ च्या गणपतीत प्रकरण हाताबाहेर गेलं. आमच्या भागातली पंधरा-वीस मराठी घरं मिळून गणपती बसवत, शैलेंद्र नावाच्या एका बँकवाल्याच्या कॉन्डोतल्या, म्हणजे खासगी सोसायटीतल्या, हॉलमध्ये. हॉल त्याचा, म्हणून माइक त्याचा. आरतीआधी त्यानं प्रश्नमंजूषा घेतली. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणतं? कुणीतरी उत्तर दिलं, शहाण्णव सालचं, टेनिसचं. शैलेंद्र म्हणाला, बरोबर, आणि चॉकलेट दिलं.

बाबा उठले. आधी शांतपणे बोलले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, बँटमवेट, बावन्न. शैलेंद्र हसून म्हणाला, काका, ते फार जुनं झालं. खरं तर त्याला उत्तर माहीत नव्हतं, आणि हॉल त्याचा असल्यानं ते कबूल करता येत नव्हतं.

"तूही जुनाच झालास की," बाबा म्हणाले. "तुला मोजायचं की नाही?"

मग त्यांनी माइक घेतला. वीस मिनिटं हेलसिंकी चाललं. कापूर दोनदा विझला. एका बाईंचं लहान मूल मोदकांच्या ताटात झोपलं. श्रीनिवास भिंतीकडे तोंड करून उभा होता, जणू भिंतीवर काही नोटीस लावली आहे. दुसऱ्या दिवशी शैलेंद्रचा फार नम्र मेसेज आला, की विसर्जनाला काकांना गर्दीचा त्रास होईल, तर घरीच आराम करू द्या.

श्रीनिवास त्या रात्री बाबांना नको ते बोलला. म्हणाला, तुमच्या त्या एका वर्षापायी माझी लोकांत मान खाली जाते. तुम्ही त्यातली एक तरी मॅच पाहिलीत का कधी? एक तरी?

बाबांनी मान हलवली. नाही पाहिली. आणि त्यानंतर घरात बावन्न बंद झालं.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. चार दिवसांनी मात्र घर खायला उठलं. बाबा नाश्ता झाला की काठी घेऊन खाली जात आणि जेवायच्या वेळी वर येत. काय करता, तर बसतो.

आमच्या इमारतीखालच्या, इथल्या भाषेत ब्लॉकखालच्या, मोकळ्या जागेत, जिला व्हॉइड डेक म्हणतात, म्हाताऱ्या मंडळींसाठी टेबल टेनिसचं एक टेबल होतं. त्यावर राज्य होतं मिस क्वेक ह्यांचं. वय एकोणऐंशी, उंची पाच फुटांच्या आत, पायांत पांढरे बूट आणि अंगात अर्धी चड्डी. लग्न केलेलं नव्हतं. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेलं, त्यामुळे सगळं जग त्यांना रांगेत उभं असल्यासारखं दिसे. बाबा नेमके चेंडू पडायचा त्या बाजूला बाकावर बसत. तिसऱ्या दिवशी मिस क्वेक म्हणाल्या, अंकल, खेळायचं तर खेळ, नाहीतर सरक. आठ वर्षांनी मोठ्या बाईनं अंकल म्हणावं ह्याचा बाबांना पुढे कितीतरी दिवस राग होता.

बाबा सरकले नाहीत. त्यांचं इंग्रजी कचेरीतलं, पण काम भागण्याइतकं होतं. त्यांनी मिस क्वेक ह्यांच्या हातातली बॅट पाहिली आणि सांगितलं, की हा जो स्पंज आहे, तो बावन्न साली मुंबईत पहिल्यांदा जगज्जेता झाला. सवयीनं बोलून गेले आणि गप्प बसले.

मिस क्वेक म्हणाल्या, बावन्न? त्या वर्षी मी हॅपी वर्ल्डला होते. थॉमस कप.

बाबांनी ही गोष्ट मला नंतर निदान पन्नास वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी इथे आल्यावर ते थांबत. थॉमस कप म्हणजे बॅडमिंटनची पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा. बावन्नचा अंतिम सामना सिंगापुरात, हॅपी वर्ल्ड नावाच्या करमणूक बागेतल्या स्टेडियममध्ये झाला, मलायानं अमेरिकेला हरवलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. आपण त्याच शहरात राहतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते सिंगापूर वेगळं होतं, पेपरातलं. बासष्ट वर्षांत त्यांना बावन्नमध्ये प्रत्यक्ष हजर असलेला माणूस भेटला नव्हता.

त्या दिवसापासून त्यांनी मिस क्वेक ह्यांची उलटतपासणी सुरू केली. प्रकाश कसा होता. लोक किती. बॅडमिंटनच्या फुलाचा आवाज वर प्रेक्षकांत ऐकू यायचा का. अडचण एकच होती. त्या तिथे होत्या, पण त्यांना काहीही नीट आठवत नव्हतं. पुढच्या माणसाचं डोकं आठवत होतं, त्यानं लावलेल्या केसांच्या क्रीमचा वास आठवत होता, गर्दीत हरवलेली एक चप्पल आठवत होती. मलाया किती सामन्यांनी जिंकलं, तर म्हणाल्या, आठ-एक.

"सात-दोन," बाबा म्हणाले.

"तू होतास तिथे की मी होते?"

दोन दिवस अबोला. मग बाबांनी बाराव्या वर्षात पडलेल्या जाईला साक्षीला खाली नेलं. जाईनं फोनवर शोधलं, अर्ध्या मिनिटात सात-दोन दाखवलं. मिस क्वेक ह्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि निकाल दिला, की छापणाऱ्यांची चूक आहे. बाबा इतके संतापले की मराठीत बोलायला लागले. जाईला दोन्हीकडून भाषांतर करावं लागलं, आणि तिनं दोन्हीकडचे अपशब्द गाळले, असं ती सांगते. माझा तिच्यावर विश्वास नाही.

भांडण शमल्यावर मिस क्वेक ह्यांनी उरलेली हकिगत सांगितली. त्या सतरा वर्षांच्या होत्या. शाळेत बॅडमिंटन खेळत, चांगलं खेळत. मावशीकडे जाते असं वडिलांना सांगून मैत्रिणीबरोबर सामना बघायला गेल्या. येताना एका पायात चप्पल. वडील दारातच होते. आधी छडी मिळाली, मग वडिलांनी रॅकेट चुलीत घातली, कारण मुलगी बिघडण्याचं मूळ तिथे होतं. पुढची पाच वर्षं घरात रॅकेट आली नाही. नोकरी लागल्यावर त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतली, पण तोवर हातातला खेळ गेला होता. मग त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना शिकवलं. हे सगळं त्यांनी चेंडू टेबलावर टप टप आपटत सांगितलं, बसचा नंबर सांगावा तसं.

बाबांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी पायजमा वर करून डावा पाय दाखवला, आणि पतंगाची गोष्ट सांगितली. ती आम्हाला माहीत होती. त्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं, ते जाईनं रात्री जेवताना तिच्या सिंगापुरी इंग्रजीमिश्रित मराठीत सांगितलं, भाताचा घास तोंडात असताना.

"आजोबा लास्ट टाइम रनर, यू नो. तालुक्यात सेकंड आले होते."

श्रीनिवासनं विचारलं, कोण? जाई म्हणाली, आजोबा, लाह, आणखी कोण. हे 'लाह' इथे प्रत्येक वाक्याला चिकटतं. पडायच्या आधीच्या वर्षी. श्रीनिवास त्रेचाळीस वर्षांचा होता. त्यानं बापाला कधी पळताना पाहिलेलं नव्हतं, आणि हा माणूस कधी पळत असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा आमटी ओरपत होते. म्हणाले, पहिला आलेला मुलगा दहा वर्षांचा होता, म्हणून.

पुढच्या आठवड्यात श्रीनिवास त्यांना घेऊन बूट बनवणाऱ्याकडे गेला आणि डाव्या बुटाला दीड इंचाचा तळवा लावून आणला. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही, सासूबाईंना सुचलं होतं, पण तेव्हा बाबांनी चपला फेकून दिल्या होत्या. ह्या वेळी घातले. दारापर्यंत चालून गेले आणि तक्रार केली, की आता सगळं घर खाली गेलंय.

मिस क्वेक ह्यांनी बूट पाहिले आणि हातात बॅट दिली. बाबा म्हणाले, मी आयुष्यात काही खेळलेलो नाही, मी फक्त वाचलंय. त्या म्हणाल्या, टेबलाला ते माहीत नाही. आणि अशा रीतीनं माझ्या सासऱ्यांनी बहात्तराव्या वर्षी टेबल टेनिस सुरू केलं. चेंडू टेबलावर पडायला पहिले तीन आठवडे गेले. त्या काळात त्यांनी एक ट्यूबलाइट, एका आजींचा चष्मा आणि एका मांजराचा स्वभाव बिघडवला.

मराठी मंडळींत बातमी पसरायला मात्र तीन आठवडे लागले नाहीत. शैलेंद्रच्या बायकोनं एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला गाठून काळजीच्या सुरात सांगितलं, की काका रोज सकाळी एका चिनी बाईंबरोबर दिसतात. अर्ध्या चड्डीतल्या, असंही सांगितलं. मी विचारलं, काका की बाई? तिला ते आवडलं नाही.

श्रीनिवासच्या कानावर गेलंच. त्यानं फार आडवळणानं विषय काढला, हवापाण्यापासून सुरुवात करून. बाबांनी त्याला वळसा घालू दिला आणि मग म्हणाले, "मी काही तिच्याशी लग्न करत नाहीये. तिनं विचारलंच तर बघू."

श्रीनिवासनं मान खाली घातली. रागानं असेल असं मला वाटलं, पण तो हसत होता.

२०१५ च्या ऑक्टोबरात आजूबाजूच्या ब्लॉकांमधल्या ज्येष्ठांची स्पर्धा झाली. मिस क्वेक ह्यांनी मिश्र दुहेरीत दोघांची नावं दिली आणि बाबांना आदल्या दिवशी सांगितलं. आम्ही तिघं बघायला गेलो. समोर निवृत्त बसड्रायव्हर आणि त्याची बायको, दोघंही साठीचे, म्हणजे पोरंच. बाबा आणि मिस क्वेक सरळ तीन गेम हरले. अकरा-दोन, अकरा-चार, अकरा-एक. सातांपैकी पाच गुण मिस क्वेक ह्यांचे. उरलेल्या दोनांतला एक जाळीला घासून पडला, ज्याचं श्रेय जाळीचं. दुसरा मात्र बाबांचा स्वतःचा होता. चेंडू उजव्या कोपऱ्यात आला, त्यांनी पाय टाकून तो गाठला आणि ड्रायव्हरच्या कोपराखालून काढला. ड्रायव्हरनं बॅटवर टाळी वाजवली. बाबांनी ते पाहिलंच नाही. ते आपल्या पायाकडे बघत होते.

घरी आल्यावर आम्हाला वाटलं आता हे चालू होणार. पण तसं काही झालं नाही. आंघोळ केली, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि दुपारी चारपर्यंत घोरले.

पुढच्या ऑगस्टमधला एक शनिवार. रिओचं ऑलिंपिक चालू होतं. सिंगापूरचा एक जलतरणपटू शंभर मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत होता, आणि सकाळी नऊच्या सुमाराला अख्खा देश कुठल्या ना कुठल्या टीव्हीसमोर उभा होता. मिस क्वेक ह्यांचा टीव्ही नेमका आदल्या दिवशी बंद पडला होता. बाबा त्यांना वर घेऊन आले. मी त्यांच्यापुढे पोहे ठेवले. त्यांनी बशी मांडीवर घेतली आणि एक घासही खाल्ला नाही.

बाबा सोफ्याच्या टोकाला टेकले होते. त्यांनी जाईला विचारलं, कोण जिंकलं? जाई म्हणाली, आजोबा, अजून सुरूच झालेली नाही. बाबा म्हणाले, बरं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, म्हणजे कुणालाच माहीत नाही?

शर्यत सुरू झाली. मिस क्वेक उठल्या. पोहे गालिच्यावर गेले. बाबाही उठले, काठी न घेता, आणि काय चाललंय ते न कळता टीव्हीकडे हात करून मराठीत ओरडू लागले, चल, चल, चल. पन्नास सेकंद आणि वर थोडं. मुलगा पहिला आला. सिंगापूरचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण. शेजारच्या, वरच्या, खालच्या सगळ्या फ्लॅटांतून एकच आवाज आला. मिस क्वेक रडत होत्या आणि त्याच वेळी श्रीनिवासच्या दंडावर बुक्क्या मारत होत्या, कारण तो सगळ्यांत जवळ होता.

बाबा खाली बसले. त्यांचा श्वास लागला होता, तोंड लाल झालं होतं. मी घाबरून पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

"काय वाईट असतं हे," ते म्हणाले. "माझ्याकडे पेपर यायचा तेव्हा वरती मथळ्यात निकाल असायचा. मग मी खाली मॅच वाचायचो. हे असं, पुढचं माहीत नसताना लोक कसं बघतात? मला वाटलं माझं काळीज बंद पडतंय."

श्रीनिवासनं विचारलं, मग टीव्ही बंद करू? बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं रिमोट त्यांच्याच हातात दिला. त्या दिवशी बाबांनी तलवारबाजी, तिरंदाजी, गोल्फ आणि घोड्यांचा एक प्रकार पाहिला, ज्यात घोडे नाचतात आणि लोक गंभीर राहतात. काही कळत नव्हतं, तरी प्रत्येकात कुणाची तरी बाजू घेतली. पुढच्याच आठवड्यात भारताची एक मुलगी कुस्तीत ब्राँझ जिंकली तेव्हा त्यांनी अख्ख्या ब्लॉकमध्ये जिलबी वाटली. त्यात शैलेंद्रच्या कॉन्डोवर पाठवलेलं एक खोकं होतं. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नसल्याचा शैलेंद्रला फार त्रास झाला, असं कळलं.

ऑक्टोबरातल्या स्पर्धेत ते दोघं दुसऱ्या फेरीत गेले, कारण समोरच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. बाबा हा विजय मोजतात. मिस क्वेक मोजत नाहीत. त्यावरून वेगळं भांडण आहे.

२०१८ मध्ये मिस क्वेक ह्यांच्या गुडघ्यानं दगा दिला आणि भाचीनं त्यांना वुडलँड्सला आपल्या घरी नेलं. एमआरटीनं तीन स्टेशनं. मंगळवारी आणि शुक्रवारी बाबा दीड इंचाचा बूट घालून निघतात. तिथल्या ब्लॉकखाली टेबल आहे, पण मिस क्वेक खुर्चीत बसूनच खेळतात, आणि बाबांना त्यांच्या हाताशीच चेंडू द्यावा लागतो, ज्यानं बाबांचा खेळ कधी नव्हे इतका सुधारला आहे. मागच्या मंगळवारी ते घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मी विचारलं, काय झालं, बाई बऱ्या आहेत ना?

म्हणाले, तिला काय धाड भरलीय. बसून बसून मला अकरा-तीन हरवलं, आणि वर भाचीला सांगितलं की अकरा-दोन.